बाबांच्या नावाचा कप

उपासनाला काळजी करायला कारण लागत नसे. नागपूरला होती तेव्हा कारणं निदान शोधावी तरी लागत; ओहायोतल्या डब्लिनला आल्यापासून ती घरपोच मिळायला लागली. फोडणी करताना स्मोक अलार्म वाजला तर? रवीच्या कंपनीनं प्रोजेक्टच गुंडाळलं तर? रवी, म्हणजे तिचा नवरा, एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि उशीला डोकं लागताच घोरायला लागायचा. या गोष्टीचं तिला नवल वाटे आणि थोडा रागही येई.

पण दोन हजार सहाच्या त्या हिवाळ्यात बाकी सगळ्या काळज्या एका काळजीपुढं फिक्या पडल्या. मार्चमध्ये तिचे आईवडील पहिल्यांदा अमेरिकेत येणार होते, आणि बाबा विचारणार होते, "तू काय करून राहिली इथं?"

बाबा, म्हणजे राजाराम, टेलिफोन खात्यात खांबावर चढून तारा जोडायला लागले आणि सुपरवायझर होऊन रिटायर झाले. लेकीला त्यांनी केमिस्ट्रीत एमएस्सी केलं. नात्यातली माणसं म्हणायची, पोरीच्या जातीला एवढं शिकवून काय करता. राजाराम ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वर्षाची फी भरायचे. उपासना ज्युनियर कॉलेजात शिकवू लागली तेव्हा ते एकदा नुसते तिची लॅब बघायला आले होते, आणि दारातच चपला काढून आत गेले होते. तीच उपासना आता नवऱ्याच्या व्हिसावर आली होती, आणि त्या व्हिसावर नोकरी करायला मनाई होती. बाबा फोनवर कधी टोचून बोलले नाहीत. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं, कारण मग भांडता तरी आलं असतं.

कपांचं वेड तिला मॉलमध्ये लागलं. तिथल्या एका गाळ्यावर एक गोऱ्या आजीबाई लोकांचे फोटो कपावर छापून द्यायच्या. कागदावर छापलेलं मरगळलेलं चित्र त्यांनी कपाभोवती गुंडाळलं, यंत्रात दाबलं आणि थोड्या वेळानं कागद सोलला, तर कपावर तेच चित्र झळझळीत उमटलेलं. उपासनाच्या अंगावर काटा आला. शाई वितळली नव्हती, तिची सरळ वाफ झाली होती. कपाटातली डांबरगोळी न वितळता उडून जाते तसं. हे तर संप्लवन! दरवर्षी ती मुलांना आयोडीनचे स्फटिक तापवून जांभळी वाफ दाखवायची, तोच धडा इथं मॉलमध्ये कपावर चालला होता. तिनं आजीबाईंना इतके प्रश्न विचारले की शेवटी त्यांनी गिऱ्हाईक आहे का परीक्षक, असा चेहरा केला.

त्या वर्षी चौदा एप्रिलचा कार्यक्रम रवीकडे होता. कोलंबसच्या आसपासची महाराष्ट्रातली बौद्ध कुटुंबं जमायची, वंदना व्हायची, कुणीतरी भाषण करायचं आणि मग पोटभर जेवण. उपासना बोलून बसली, "या वर्षी सगळ्यांना कप मी करून देते." बोलली आणि लगेच घाबरली. सामानाचा खर्च या कुटुंबांचं मंडळ देणार होतं, पण त्याला नोकरी म्हणतात का, हे तिनं रवीला एवढ्या वेळा विचारलं की तो म्हणाला, "अगं, यात तुला काही मिळणार नाहीये. उलट तूच दमणार आहेस."

आणि खरंच, दमणं सामान निवडण्यापासूनच सुरू झालं. घरात एक प्रिंटर होता, पण तो शाई तापवून कागदावर उडवणाऱ्या जातीचा निघाला. कपावरची शाई आधीच तापली तर यंत्रातच वाफ होऊन बसेल. तेव्हा शाई न तापवता नुसती दाबानं फेकणारा प्रिंटर हवा. तो घेतला. मग कळलं की तो चार दिवस स्वस्थ बसला तर त्याच्या बारीक भोकांत ही शाई सुकते. म्हणजे रोज उठून त्याला एक पान छापायला लावायचं, तान्ह्या बाळाला पाजावं तसं. मग कप. डॉलरच्या दुकानातले पांढरेशुभ्र कप तिनं हौसेनं आणले आणि त्यांवरचं चित्र पहिल्याच आंघोळीत वाहून गेलं. चिनी मातीला ही शाई धरतच नाही. वर पॉलिमरचा पातळ लेप असलेले खास कप मागवावे लागतात. तेही सरळसोट उभे पाहिजेत, तळाशी निमुळते झाले की दाब सगळीकडे सारखा बसत नाही. मग दाबाचं यंत्र. तीन कंपन्यांची यंत्रं तिनं इंटरनेटवर इतकी पारखली की तिच्या लग्नाच्या वेळी रवीलाही कुणी एवढं पारखलं नव्हतं.

यंत्र आलं. पहिला कप तिनं शास्त्र धरून केला. चित्र उलटं छापलं, उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीनं कागद घट्ट बसवला, तापमान दोनशेवर ठेवलं आणि श्वास रोखून उभी राहिली. कागद सोलला तर कपावर आजाऱ्याच्या ओठांसारखा फिकट रंग. दुसरा तसाच. तिसरा तसाच. यंत्र फसवं निघालं, शाई शिळी निघाली, आता सगळ्यांसमोर नाक कापलं जाणार, असं म्हणत ती रडकुंडीला आली. तेवढ्यात रवीनं येऊन यंत्राच्या काचेकडं बघितलं.

"हे दोनशे फॅरेनहाइट आहे, उपा. तू सेल्सियस समजतेयस."

केमिस्ट्रीच्या बाईंनी कपाळावर हात मारला. आयुष्यभर सेल्सियसमध्येच तापवत आलेल्या हाताला दोनशे म्हणजे दोनशेच वाटले होते. चारशेवर ठेवल्यावर रंग असा उमटला की तिनं रवीला मिठीच मारली.

रवीचा ऑफिसातला मित्र गिरीश याच कॉम्प्लेक्समध्ये राहायचा. मूळचा पुण्याचा, एकटा, आणि चहाच्या वेळी बरोबर उगवणारा. कपावर बाबासाहेबांचा फोटो टाकायचा नाही, हे उपासनाचं आधीच ठरलं होतं. कप उष्टा होतो, सिंकमध्ये पडतो, ते तिच्या मनाला पटेना. बोधिवृक्षाचं पान टाकायचं, निळ्या रंगात. गिरीश म्हणाला, "वहिनी, नाव पण टाका ना प्रत्येकाचं. आमच्या ऑफिसात सगळे कप मिक्स होतात यार. माझा कप कोण वापरतो, आजपर्यंत कळलेलं नाही."

कल्पना सगळ्यांनाच आवडली. रवीनं मंडळाला ई-मेल केली आणि नावं येऊ लागली. उपासनानं ठरवलं, पहिलं नाव बाबांचं. विमानतळावरून घरी आले की पहिला चहा त्यातच. मग त्यांनी विचारलंच, काय करून राहिली, तर काही बोलायलाच नको.

राजाराम आणि आई, म्हणजे गिरजाबाई, आले. गिरजाबाईंनी घरभर हिंडून गालिच्यावर पाणी सांडलं तर काय करता, हे विचारून घेतलं. राजाराम खिडकीतून बाहेरच्या तारा बघत बसले आणि म्हणाले, "खांब लाकडाचे आहेत अजून." उपासनानं चहा आणला. पांढऱ्या कपावर निळं पान, आणि पानाखाली देवनागरीत ठसठशीत नाव: राजाराम.

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. वळवून बघितला, अंगठा नावावरून फिरवला. "तू केला?"

"मी केला, बाबा. हा फक्त तुमचा, दुसऱ्या कुणी घ्यायचा नाही."

"छान आहे. लय छान आहे." मग ते उठले, स्वयंपाकघरात गेले, फळीवरचा एक साधा ग्लास घेतला आणि चहा त्यात ओतून प्याले. नावाचा कप त्यांनी विसळला, पुसला आणि खिडकीशी ठेवून दिला.

नवीन आहे, जपताहेत, अशी उपासनानं स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम बाकीचे सगळे कप-ग्लास डिशवॉशरमध्ये कोंडले, तर बाबांनी आमटीची वाटी घेतली.

आता तिची झोप उडाली. कपात काहीतरी खोट होती. तिनं कप उन्हात नेऊन बघितला आणि तिला खोट सापडली. निळा रंग निळा नव्हता! कॉम्प्युटरच्या पडद्यावर निळा, कागदावर निळा, पण तापल्यावर जांभळ्याकडं झुकलेला. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. पण हा निळा कुठला, हे का बाबांना सांगायला हवं? ज्या माणसानं दर चौदा एप्रिलला सकाळी घरावर निळा झेंडा चढवला, त्याच्या हातात तिनं जांभळा कप दिला होता. आणि ते बिचारे छान आहे म्हणून गप्प बसले होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं शाई विकणाऱ्याला फोन केला. प्रत्येक शाईसाठी रंग जुळवणारी एक फाइल प्रिंटरला द्यावी लागते, ती तिनं दिलीच नव्हती. ती बसवली, कागद बदलला, निळ्याच्या डझनभर छटा एका कपावर पट्ट्यापट्ट्यांनी छापून बघितल्या. बाबा खुर्चीत बसून हे सगळं बघत होते, मधूनमधून चिकटपट्टी कापून देत होते. वायरमन माणूस, हाताला काम असलं की त्यांना बरं वाटे. शेवटी खराखुरा निळा मिळाला. तिनं नवा कप केला, त्यात चहा दिला.

"आता कसा आहे निळा?"

"एकदम बराबर," बाबा म्हणाले, आणि चहा ग्लासात ओतला.

मग तिला वाटलं, लेपाची भीती असेल. तोंडाला औषध लागेल असं वाटत असेल. तिनं कडा कोऱ्या ठेवून तिसरा कप केला आणि रंग लेपाच्या आत मुरतो, जिभेला लागत नाही, यावर एक छोटं लेक्चरही दिलं. बाबांनी मन लावून ऐकलं. तिसरा कप पहिल्या दोघांशेजारी जाऊन बसला. खिडकीशी आता तीन राजाराम ओळीनं उभे होते आणि चौथा ग्लासातून चहा पीत होता.

इकडं कार्यक्रम जवळ येत चालला होता. कोऱ्या कपांची खोकी भिंतीशी रचलेली, नावं सगळी आलेली, आणि उपासना एकही कप दाबायला धजेना. ज्या कपाला घरच्या माणसानं तोंड लावलं नाही, तो लोकांच्या हातात कुठल्या तोंडानं द्यायचा? रवी म्हणाला, "अगं, त्यांना ग्लासची सवय असेल." गिरजाबाई म्हणाल्या, "त्यांचं काही विचारू नको. लोकांच्या घरी गेले तरी आपला कप आपण धुवून उपडा घालून येतात. चाळीस वर्सं झाली, मी लाजून मरते." हे उपासनालाही माहीत होतं. बाबा कुणाकडंही गेले की चहा झाला रे झाला, कप घेऊन मोरीकडं जायचे. लहानपणी तिच्या मैत्रिणींना त्याचं कौतुक वाटायचं, आणि तिला वाटायचं, आपले बाबा टापटिपीचे आहेत.

शेवटी तिच्यानं राहवेना. एका दुपारी बाबा ग्लास धुवत असताना ती त्यांच्यामागं जाऊन उभी राहिली आणि एकदम रडायलाच लागली. "काय कमी आहे त्या कपात? एकदा सांगून टाका ना. मी नोकरी करत नाही म्हणून राग आहे का?"

बाबा गोंधळले. हात पुसून त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं.

"राग कायचा? मले तर वाटलं होतं, तुले समजणारच नाही, अन् बरं होईल."

"काय समजणार नाही?"

त्यांनी खिडकीतल्या तीन कपांकडं बघितलं. "आमच्या गावात एक चायचं हॉटेल होतं. बाहेर छपराच्या खांबाला खिळे होते. एका खिळ्याले माझ्या बापाचा कप टांगला राहे. कान तुटका. त्याच्यावर हिरव्या रंगाची रेघ मारलेली, म्हणजे चुकून आतल्या माणसाच्या हाती लागू नये. आपण कप काढायचा, पुढं धरायचा, हॉटेलवाला वरून चाय ओतायचा. पिऊन झाली का आपणच धुवायचा, अन् पुन्हा खिळ्याले. बाप मेला, तवा तो कप माझा झाला. मी आठवीत होतो."

उपासनाची नजर कपांवरच्या त्या तीन नावांवर गेली.

"तुह्या आईलेही नाही सांगितलं कधी. सांगून काय करायचं? खात्यात लागलो, शहरात आलो, सोडलं सगळं. पण तू माझ्या नावाचा कप दिला ना, अन् म्हटलं का हा फक्त तुमचा, दुसऱ्या कोणी घ्यायचा नाही," त्यांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. "तू चांगल्या मनानं केला, पोरी. रंग बराबर आहे, सगळं बराबर आहे. मी समजावतो सोताले. पण हात जात नाही."

उपासनाला त्या हॉटेलवाल्याचा राग आला, गावाचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. तिनं बाबांच्या हातात तोच कप पुन्हा दिला होता, तोही एकदा नाही, तीनदा, आणि दर वेळी आधीपेक्षा पक्क्या रंगात. ती कप उचलून कचऱ्यात टाकायला निघाली तर बाबांनी हात धरला. "फेकू नको. मेहनत आहे त्यात. पेन ठेवायले घे. अन् लोकांची नावं टाक तू, त्यांना हौस असते. माझ्यासाठी काही बदलू नको."

पण रवी घरी आला तेव्हा तिनं सांगून टाकलं, "नावं नाही टाकणार. एकाही कपावर नाही."

"अगं, सगळ्यांनी पाठवलीयत. काय सांगू त्यांना?"

"सांग, मशीन बिघडलं. सांग, उपासनाला जमलं नाही. काहीही सांग." जमलं नाही असं लोकांनी म्हणू नये, याच धास्तीत तिचे सगळे महिने गेले होते. तरीही ती मागं हटली नाही. का, ते तिनं रवीला सांगितलं. तेव्हा तो स्वतःच खोकं उघडून कप पुसायला बसला.

सगळे कप एकसारखे झाले. पांढरा कप, निळं पान, बाकी काही नाही. बाबा कागद चिकटवून द्यायचे, ती दाबायची आणि दर कपाला तिचा जीव वरखाली व्हायचा. दोन कपांना तडे गेले. एकावर पान तिरकं बसलं, तोही तिनं बाजूला काढला, तर बाबा म्हणाले, "राहू दे, झाडावरची पानं काय सरळ असतात?"

कार्यक्रम शनिवारी, अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये. वंदना झाली, भाषण लांबलं, आणि मग सगळे चहाच्या टेबलाकडं धावले. उपासना किटली धरून उभी होती. अपेक्षेप्रमाणे एका काकूंनी विचारलंच, "नावं टाकणार होतीस ना गं?" ती काहीतरी पुटपुटली. तिची नजर बाबांवर होती. बाबांनी रांगेत उभं राहून टेबलावरचा हाताला लागेल तो कप उचलला, तिच्यापुढं धरला, आणि मग काहीतरी आठवल्यासारखं होऊन तो टेबलावर टेकवला. टेबलावरच्या कपात तिनं चहा ओतला. बाबांनी उभ्याउभ्या एक घोट घेतला. तिनं सोडलेला श्वास शेजारच्या माणसालाही ऐकू आला असेल.

थोड्या वेळानं बाबा कप टेबलावर ठेवून कुणाशी तरी टेलिफोन खात्याच्या गप्पा मारू लागले. तेवढ्यात गिरीश समोशाची प्लेट घेऊन आला. त्यानं आपला कप त्याच टेबलावर ठेवला, समोसा खाल्ला, तिखट लागला म्हणून कप उचलला आणि दोन मोठे घोट घेतले. कप बाबांचा होता. उपासनानं बघितलं आणि तिच्या हातातली किटली तशीच राहिली. बाबांनीही बघितलं. त्यांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

"काका, अरे सॉरी, हा तुमचा होता का?" गिरीशनं कप उलटसुलट करून बघितला. "वहिनी, तरी मी म्हणत होतो, नावं टाका! आता कळतंय का कुठला कोणाचा?" आणि तसंच बोलता बोलता त्यानं उरलेला चहा पिऊन टाकला.

बाबा त्याच्याकडं बघत राहिले. त्या पोराला कशाचीच कल्पना नव्हती. मग त्यांनी टेबलावरचा गिरीशचा कप उचलला, ओठाला लावला आणि म्हणाले, "तुह्या चहात साखर कमी आहे रे."

संध्याकाळी पांगापांग झाली. क्लबहाउसच्या सिंकमध्ये उष्ट्या कपांचा ढीग पडला होता. उपासना बाह्या सरसावत असताना बाबा हातात कप घेऊन आले. सवयीनं त्यांनी नळ सोडला, कप पाण्याखाली धरायला गेले आणि थांबले. मग नळ बंद केला. न धुतलेला कप त्यांनी त्या ढिगात ठेवून दिला आणि हात पुसत बाहेर निघून गेले.

उपासना बराच वेळ एकेक कप उचलून बघत होती, बाबांचा कुठला म्हणून. तिला तो सापडला नाही.